जुन्या ट्रकच्या इंधन यंत्रणेतील भागांवर धातूचा लेप: कुठे, कोणता आणि किती

जुन्या ट्रकचे पुनरुज्जीवन करताना चॅसी, केबिन आणि बोनेट यांच्या रंगकामावर भरपूर विचार होतो. इंधन यंत्रणेतले भाग मात्र बहुतेक वेळा एकाच डब्यात भरून प्लेटिंगवाल्याकडे (धातूवर दुसऱ्या धातूचा पातळ थर चढवणाऱ्याकडे) जातात आणि चकचकीत होऊन परत आले की काम झाले असे मानले जाते. हे भाग बाहेरून पाऊस, धूळ आणि चिखल सोसतात. आतून त्यांना पेट्रोल किंवा डिझेल, त्यात उतरलेले पाणी, इथेनॉल आणि शिळ्या इंधनात तयार होणारी सेंद्रिय आम्ले लागत असतात. बाहेरच्या बाजूला उत्तम ठरणारा जस्ताचा थर आतल्या बाजूला हळूहळू झिजून इंधनात उतरतो आणि जेट (कार्ब्युरेटरमधले इंधन मोजून सोडणारे बारीक छिद्र) किंवा इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारा भाग) तुंबवतो. म्हणून या लेखात प्रत्येक भागाचे दोन पृष्ठभाग वेगळे धरले आहेत: हवेकडचा आणि इंधनाकडचा. हवेकडच्या बाजूला लेप हवाच, इंधनाकडच्या बाजूला शक्य तितका कमी हवा आणि मापाच्या जागी, म्हणजे छिद्राचे किंवा फटीचे माप नेमके राहायला हवे तिथे, तो मुळीच नको, हे माझे मत पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे आहे.

भाग ओळखणे आणि नोंद ठेवणे

काहीही साफ करण्याआधी प्रत्येक भागाचे फोटो काढावेत, कारण मूळ लेपाचा रंग बहुधा वायसरखाली, गॅस्केटच्या कडेला किंवा क्लॅम्पच्या आड शाबूत राहिलेला असतो आणि एकदा भाग रसायनात गेला की तो पुरावा संपतो. त्यानंतर मूळ धातू कोणता हे ठरवावे. चुंबक चिकटला तर पोलाद किंवा बीड (ओतीव लोखंड). न चिकटल्यास वजन हातात घेऊन पाहावे. जस्ताच्या मिश्रधातूचे डायकास्ट (धातूच्या साच्यात दाबाने ओतलेले) भाग ॲल्युमिनियमपेक्षा जवळपास अडीच पट जड असतात, त्यामुळे दोन्ही धातू हाताळलेल्या माणसाला फरक लगेच कळतो. पितळ कानशीच्या एका हलक्या फटक्याने पिवळे दिसते.

जुने लेप ओळखताना चार प्रकार डोळ्यांसमोर ठेवावेत. पत्र्याच्या टाकीवर आतून-बाहेरून असलेला मंद राखाडी, नखाने किंचित ओरखडला जाणारा थर हा शिसे आणि कथील यांच्या मिश्रधातूचा असतो; अशा पत्र्याला टर्न प्लेट म्हणतात आणि विसाव्या शतकातल्या बहुसंख्य टाक्या याच पत्र्याच्या होत्या, कारण तो गंजाला दाद देत नाही आणि त्याला डाख (सोल्डर) सहज लागतो. लिंकेज (थ्रॉटल वगैरे हलवणारे जोडदांडे), स्क्रू आणि स्प्रिंगांवर जस्त किंवा कॅडमियम असते आणि त्यावर क्रोमेटची, म्हणजे क्रोमियमच्या रासायनिक संरक्षक थराची, सोनेरी-इंद्रधनुषी झाक असते. डायकास्ट कार्ब्युरेटरची सोनेरी झाक मात्र प्लेटिंगची नसते. तिथे जस्ताच्या अंगावर थेट डायक्रोमेटची रासायनिक प्रक्रिया केलेली असते. क्लॅम्प, पट्टे आणि काही स्प्रिंगांवर काळपट करडा, तेल पिणारा फॉस्फेटचा थर आढळतो.

जस्त आणि कॅडमियम यांतला फरक केवळ पाहून खात्रीने सांगता येत नाही. कॅडमियम विषारी आहे आणि त्याची धूळ व धूर फुप्फुसांना घातक ठरतात. म्हणून जुन्या ट्रकवरचा कोणताही मूळ चंदेरी किंवा सोनेरी स्क्रू कॅडमियमचाच आहे असे धरून चालावे: त्याला पॉलिश पेपर लावू नये, फिरती तारेची कुंची लावू नये, टॉर्चने तापवू नये. जुना थर काढण्याचे काम प्लेटिंगच्या कारखान्यातच, त्यांना तसे स्पष्ट सांगून करून घ्यावे.

आधी वाफ, मग काम

पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की ठिणगीने स्फोट होतो. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की ती पेट घेत नाही. रिकामी, "वर्षानुवर्षे कोरडी" म्हणून कोपऱ्यात पडलेली टाकी मात्र नेमकी या पट्ट्यात येऊ शकते, कारण गाळात आणि पत्र्याच्या घडीत अडकलेले इंधन ऊन लागताच वाफ सोडते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने जमिनीलगत साचते, त्यामुळे दार उघडे आहे एवढ्यावर समाधान मानू नये. टाकी मोकळ्या जागेत रिकामी करावी, गरम पाणी आणि डिटर्जंटने अनेकदा धुवावी आणि तिच्यावर वेल्डिंग, ब्रेझिंग किंवा डाख देण्याचे काम अशा टाक्या वायुमुक्त करणाऱ्या जाणकाराकडेच द्यावे.

जुन्या टाकीतला गाळ आणखी एका कारणाने जपून हाताळावा. शिसेयुक्त पेट्रोल १९२० च्या दशकात बाजारात आले आणि रस्त्यावरच्या वाहनांसाठी त्याची विक्री जगभरातून २०२१ मध्ये संपली. त्यामुळे दीर्घकाळ वापरलेल्या ट्रकच्या टाकीतल्या चिकट तपकिरी थरात शिशाची संयुगे असण्याची शक्यता धरावी. टर्न प्लेटही शिशाचीच. तिला कोरडे घासू नये, सँडब्लास्ट करू नये; हातमोजे घालावेत आणि धुतलेले पाणी गटारात न सोडता वेगळे साठवून घातक कचरा म्हणून द्यावे.

टाकी: आतला पृष्ठभाग

टाकीच्या आत बोअरस्कोप (नळीच्या टोकावरचा छोटा कॅमेरा) घालून सर्वांत आधी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे मूळ थर कुठे शाबूत आहे आणि कुठे गेला आहे. गंज बहुधा दोन ठिकाणी असतो: तळाशी, जिथे पाणी साचते, आणि वरच्या छताला, जिथे अर्धवट भरलेल्या टाकीत बाष्प गोठते. मधल्या पट्ट्यात राखाडी थर तसाच असेल तर टाकीला जोरकस ॲसिड देण्याचे कारण नाही. ॲसिड चांगला भागही बिघडवते आणि गंजलेल्या भागाला उघडे पोलाद करून सोडते. अशा वेळी जवळपास उदासीन सामू (पीएच) असलेले, लोह बांधून घेणारे गंजनाशक द्रावण वापरावे. ते संथ काम करते, पण शिसे-कथलाच्या थराला फारसे लावून घेत नाही.

हायड्रोक्लोरिक ॲसिडचा मोह टाळावा. ते गंज झटपट खाते, पण त्याचे क्लोराइड सांध्यांत आणि आतल्या आडव्या पडद्यांच्या मागे राहतात आणि काही आठवड्यांत तिथूनच नवा गंज फुटतो. थर पूर्ण गेलेल्या, नुसत्या पोलादी टाकीसाठी सायट्रिक ॲसिडचे ५ ते १० टक्क्यांचे द्रावण किंवा फॉस्फोरिक ॲसिड हा बरा मार्ग आहे. फॉस्फोरिक ॲसिड मागे लोह-फॉस्फेटचा पातळ थर ठेवते, त्यामुळे धुतल्यावर लगेच येणारा नारिंगी गंज थोडा लांबतो. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात वीजप्रवाह सोडून गंज काढण्याची पद्धत पोलादावर उत्तम चालते, मात्र टर्न प्लेट, जस्त आणि ॲल्युमिनियम यांना अल्क पाणी खाते, म्हणून तिथे ती नको. या पद्धतीत दुसरा विद्युतअग्र साध्या पोलादाचा घ्यावा. स्टेनलेस स्टील घेतल्यास पाण्यात विषारी षट्संयुजी क्रोमियम उतरते. शिवाय हायड्रोजन वायू सुटत असल्यामुळे हे काम बंद खोलीत करू नये आणि टाकीतली इंधनाची वाफ पूर्ण गेल्याशिवाय तर मुळीच करू नये.

सुट्या गंजाच्या पापुद्र्यांसाठी टाकीत मूठभर नट टाकून ती हलवण्याची प्रथा आहे. हे करायचेच तर नट मोजून टाकावेत आणि मोजून काढावेत, कारण पडद्यामागे अडकलेला एखादा नट पुढे महिनोन्महिने खडखडत राहतो आणि शेवटी तळाच्या बुचाजवळ येऊन बसतो. साखळी टाळावी, ती पातळ टर्न प्लेटवर ओरखडे पाडते आणि प्रत्येक ओरखडा हे गंजाचे नवे तोंड असते.

द्रावण काढल्यावर टाकी स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच, त्याच तासात कोरडी करावी. गरम हवेचा झोत एका तोंडातून आत सोडून दुसऱ्या तोंडातून बाहेर काढणे हा सोपा उपाय. त्यासाठी वापरायचे यंत्र टाकीपासून दूर ठेवून नळीने हवा आणावी. कोरड्या पोलादावर काय लावायचे हा खरा प्रश्न इथे उभा राहतो आणि त्याची उत्तरे ट्रक कसा वापरला जाणार यावर अवलंबून आहेत.

नियमित चालणाऱ्या आणि टाकी बहुधा भरलेली राहणाऱ्या ट्रकसाठी मी आतून काहीही लावू नये असे सांगेन. हलके, इंधनात विरघळणारे तेल फिरवून ठेवावे, टाकी बसवताच इंधन भरावे आणि तळाच्या बुचातून ठरावीक काळाने पाणी काढत राहावे. वर्षातले बरेच महिने उभ्या राहणाऱ्या ट्रकच्या टाकीत लेप लागतो. इथे दोन घटकांचे इपॉक्सी अस्तर सर्वांत जास्त प्रचलित आहे आणि त्याचे यश पूर्णपणे खालच्या पृष्ठभागावर ठरते: धातू उघडा, कोरडा, तेलमुक्त आणि किंचित खरखरीत हवा. जुन्या अस्तरावर नवे अस्तर ओतू नये. काही दशकांपूर्वी लोकप्रिय असलेली रबरी स्वरूपाची अस्तरे इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये सुटून पापुद्रे होतात आणि इंधन उचलणाऱ्या नळीच्या जाळीवर गोळा होतात. तसे अस्तर सापडले तर ते सगळे काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. अस्तर ओतण्याआधी उचल-नळी, हवेची नळी आणि आट्यांची तोंडे मेण किंवा बुचांनी बंद करावीत, टाकी सगळ्या दिशांना सावकाश फिरवावी आणि उरलेले द्रव्य पूर्ण निथळू द्यावे, कारण तळाशी साचलेला जाड थर आतून ओलाच राहतो. छिद्र पडलेल्या पत्र्याचा भार अस्तरावर टाकू नये. भोक आधी धातूने बुजवावे, मगच अस्तर द्यावे.

धातूचा लेप आतून देता येईल का, असा प्रश्न साहजिकच येतो. विजेच्या साहाय्याने होणारे प्लेटिंग बंद पोकळीत पोचत नाही. प्रवाह तोंडाजवळच धातू बसवतो आणि आत जवळजवळ काहीच जात नाही, तेव्हा टाकी "आतून-बाहेरून प्लेट करून देतो" असे कोणी म्हटले तर आत काय झाले ते दाखवायला सांगावे. कथलाची कल्हई आतून करता येते, परंतु तिच्यासाठी वापरलेल्या फ्लक्समध्ये जस्त क्लोराइड असते आणि ते पूर्ण धुतले गेले नाही तर फायद्यापेक्षा तोटा जास्त होतो. नवी टाकी घडवून घ्यायची असेल तर जस्ताचा पत्रा स्वस्त पडला तरी घेऊ नये. त्यावर पांढरी भुकटी धरते, ती पाण्यात आणि आम्लात विरघळून पुढे सरकते आणि कार्ब्युरेटरमध्ये जाऊन परत बसते.

टाकी: बाहेरचा पृष्ठभाग

बाहेरून इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग पुरेसा आहे. पावडर कोटिंग दिसायला छान असते, पण त्याची भट्टी साधारण १८० ते २०० अंश सेल्सियसला चालते आणि कथील-शिशाचा नेहमीचा डाख १८३ अंशांनाच मऊ होऊ लागतो. ज्या टाकीचे सांधे, तोंडे किंवा आतले पडदे डाखाने धरलेले आहेत ती भट्टीतून अखंड बाहेर येईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. पट्ट्यांखाली मूळचा नमदा असेल तर तो परत घालू नये. नमदा पाणी धरून ठेवतो आणि टाकी बाहेरून नेमकी तिथेच कुजते. पाणी न शोषणाऱ्या रबराची पट्टी घालावी आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूलाही रंग द्यावा.

नळ्या

जुनी पोलादी इंधननळी प्लेटिंगला पाठवू नये. नळीच्या आत शिरलेले ॲसिड बाहेर काढता येत नाही, आणि नवी नळी वाकवून घेणे हे जुनी वाचवण्यापेक्षा स्वस्त व सुरक्षित आहे. दुहेरी भिंतीची, बाहेरून जस्त-निकेल मिश्रधातूचा थर असलेली नळी मिळाल्यास ती घ्यावी. साधारण १२ ते १५ टक्के निकेल असलेला हा थर साध्या जस्तापेक्षा रस्त्यावरच्या मीठ-चिखलात कितीतरी जास्त टिकतो. ९० टक्के तांबे आणि १० टक्के निकेल असलेली नळीही गंजत नाही आणि सहज वाकते. निव्वळ तांब्याची नळी मात्र टाळावी: ती कंपनाने कडक होत जाऊन फ्लेअरच्या (जोडणीसाठी फाकवलेल्या टोकाच्या) मुळाशी तडकते आणि तांबे इंधनाच्या ऑक्सिडीकरणाला वेग देऊन चिकट गोंद तयार करते.

फ्लेअर काढताना टोकावरचा लेप तडकून त्याच्या बारीक कपच्या नळीत पडतात. म्हणून टोकाचा लेप फ्लेअरच्या लांबीपुरता आधी काढावा, फ्लेअर झाल्यावर नळीतून हवा मारावी आणि मगच ती बसवावी. एवढे केले नाही तर पहिल्याच दिवशी फिल्टरमध्ये चंदेरी चूर दिसतो आणि तो कुठून आला याचा शोध भलत्याच ठिकाणी सुरू होतो.

कार्ब्युरेटर आणि पंप

जस्ताच्या डायकास्ट बॉडीकडे पाहताना पहिला प्रश्न लेपाचा नसून ती वाचण्याजोगी आहे का, हा असतो. शुद्ध जस्तावर आधारलेले झामाक मिश्रधातू १९२९ मध्ये आले. त्याआधीच्या, आणि नंतरच्याही निकृष्ट ओतकामात शिशासारख्या अशुद्धी राहिल्यामुळे धातू कणांच्या सीमांवरून आतून कुजतो. अशी बॉडी फुगते, वाकते, तिच्यावर जाळीदार भेगा पडतात आणि स्क्रू आवळताच कान तुटतो. तिच्यावर कोणताही लेप चढवून उपयोग नाही. दुसरी बॉडी शोधावी.

चांगली बॉडी साफ करताना कॉस्टिक सोडा आणि तीव्र ॲसिड, दोन्ही वर्ज्य आहेत, कारण दोन्ही जस्ताला खातात. सौम्य द्रावणात अल्ट्रासोनिक टबमध्ये थोडा वेळ, मध्येमध्ये बाहेर काढून पाहत, हा मार्ग ठीक. पितळी जेट आणि ट्यूब वेगळ्या काढाव्यात आणि अमोनिया असलेल्या क्लीनरपासून दूर ठेवाव्यात, कारण ताणाखाली असलेले पितळ अमोनियामुळे तडकते. ग्लास बीडने ब्लास्टिंग करायचे झाल्यास प्रत्येक इंधनमार्ग बुचाने बंद करावा. एक मणी आडव्या छिद्रात राहिला तर तो शोधायला शिशाची बुचे ड्रिल करून काढावी लागतात.

सोनेरी झाक परत आणायची असेल तर ती रासायनिक क्रोमेटनेच आणावी. षट्संयुजी क्रोमियमची द्रावणे कर्करोगकारक असल्याने घरी हा उद्योग करू नये. कारखान्यात त्रिसंयुजी क्रोमियमचा पर्याय मिळतो. रंग मूळच्यापेक्षा थोडा फिका येतो, संरक्षण मात्र पुरेसे मिळते. ताजा थर मऊ असतो, तेव्हा चोवीस तास त्याला घासू नये. धुताना गार पाणी वापरावे आणि ६० अंशांपेक्षा जास्त तापमानात सुकवू नये; उकळत्या पाण्याने थराचा रंग आणि संरक्षण दोन्ही उतरते. स्प्रेच्या डब्यातला "कार्ब्युरेटर रंग" प्रदर्शनात ठेवायच्या तुकड्यावर ठीक आहे. इंधनाचा ओघळ लागणाऱ्या बॉडीवर तो विरघळतो आणि फ्लोट चेंबरच्या (तरंगत्या फ्लोटने इंधनाची पातळी राखणाऱ्या कप्प्याच्या) आत गेला तर जेटपर्यंत पोचतो.

आता मापाच्या जागा. १ मिलिमीटर छिद्राच्या जेटवर आतून १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर बसला, तर छिद्र ०.९८ मिलिमीटर होते आणि त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४ टक्क्यांनी घटते. मानवी केसाच्या जाडीहूनही कमी अशा या थराने मिश्रण पातळ होते आणि मग चालक इग्निशनमध्ये दोष शोधत बसतो. म्हणून जेट, निडल व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक, ॲक्सिलरेटर पंपाचे सिलिंडर, थ्रॉटल शाफ्टची बेअरिंगे आणि गॅस्केटचे पृष्ठभाग यांना लेप लावूच नये. थ्रॉटल शाफ्ट प्लेट केला तर त्याचा व्यास थराच्या दुप्पट वाढतो. झिजलेल्या शाफ्टचा सैलपणा प्लेटिंगने भरून काढण्याची युक्ती सांगितली जाते, पण झीज एका बाजूला आणि थर सगळीकडे सारखा, त्यामुळे शाफ्ट अडकतो तरी किंवा गळतो तरी. नवा शाफ्ट आणि बुश हाच उपाय.

अनेक ट्रकच्या कार्ब्युरेटरचा खालचा भाग बिडाचा असतो. बिडावर अल्क बाथमधले (प्लेटिंगच्या द्रावणातले) जस्त नीट धरत नाही, ॲसिड क्लोराइड बाथमधले धरते; प्लेटिंगवाल्याला बाथ कोणता आहे हे विचारण्याचे हे एक ठोस कारण. काहींना सरसकट इलेक्ट्रोलेस निकेल आवडते. त्याचा फायदा असा, की ते विजेशिवाय बसत असल्याने कोपऱ्यांत आणि पोकळ्यांत सारख्या जाडीचे बसते आणि इंधनाला चांगले तोंड देते. तोटाही तितकाच खरा आहे: जस्त स्वतः झिजून पोलाद वाचवते, निकेल तसे करत नाही, आणि निकेलमध्ये सूक्ष्म छिद्र राहिले तर खालचे पोलाद उलट जोमाने गंजते. ट्रकखाली उघड्यावर राहणाऱ्या भागाला निकेल द्यायचे तर सुमारे २५ मायक्रॉन द्यावे. कमी जाडी म्हणजे नुसती चमक. जस्ताच्या डायकास्टवर निकेलआधी तांब्याचा पातळ थर लागतो आणि सच्छिद्र ओतकामात अडकलेले द्रावण पुढे फुगे आणते, म्हणून जुन्या बॉडीवर मी निकेलचा आग्रह धरणार नाही.

फ्लोटकडे स्वतंत्र लक्ष द्यावे. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवल्यावर बुडबुडे आले तर तो गळका आहे. डाख देताना वाढलेले वजन इंधनाची पातळी वाढवते, म्हणून डाख कमीत कमी ठेवून पातळी पुन्हा जुळवावी. कॉर्कच्या जुन्या फ्लोटवर लाखेचा थर असतो आणि लाख इथेनॉलमध्ये विरघळते. अशा फ्लोटच्या जागी पितळी किंवा इंधनरोधक रबराचा फ्लोट बसवावा.

स्प्रिंगा आणि नट-बोल्ट

ॲसिडमध्ये साफ करताना आणि विजेने प्लेटिंग होताना पोलादात हायड्रोजन शिरतो. मऊ पोलादाला त्याचे काही वाटत नाही, परंतु कडक पोलाद त्यामुळे ठिसूळ होते आणि पंपाची किंवा थ्रॉटल परत ओढणारी स्प्रिंग काही दिवसांनी, कधी उभ्या गाडीत, अचानक तुटते. तुटलेली थ्रॉटल स्प्रिंग म्हणजे उघडा राहिलेला थ्रॉटल, तेव्हा हा मुद्दा सौंदर्याचा नाही. उपाय असा, की प्लेटिंगनंतर साधारण चार तासांच्या आत भाग १९० ते २२० अंशांना अनेक तास भाजावेत आणि क्रोमेट त्यानंतर द्यावे, कारण क्रोमेटचा थर एवढी उष्णता सोसत नाही. ज्या प्लेटिंगवाल्याकडे भट्टी नाही त्याला स्प्रिंगा देऊच नयेत. माझ्या मते स्प्रिंगांना फॉस्फेट आणि तेल पुरते. बाहेर उघड्या असलेल्या स्प्रिंगांसाठी विजेशिवाय लागणारा जस्त-कणांचा लेप हा आणखी चांगला पर्याय.

आट्यांचे गणितही लक्षात ठेवावे. ६० अंशांच्या आट्यावर थर जितका जाड, त्याच्या चौपट वाढ पिच व्यासात (आट्याच्या उंचीच्या मध्यावर मोजलेल्या व्यासात) होते: ८ मायक्रॉनचा थर ३२ मायक्रॉन खातो. बारीक आट्यांच्या फिटिंगवर ५ ते ८ मायक्रॉन पुरे. नट आणि बोल्ट दोन्ही जाड प्लेट करून आणले तर ते हाताने फिरत नाहीत, आणि टॅप फिरवून आटे मोकळे करणे म्हणजे विकत घेतलेला लेप कापून टाकणे होय.

प्लेटिंगवाल्याला द्यायचा कागद

तोंडी सांगण्यावर हे काम सोडू नये. प्रत्येक भाग तारेत ओवून त्याला क्रमांक द्यावा आणि कागदावर भागाचे नाव, मूळ धातू, हवा तो थर व जाडी, झाकायच्या जागा, भाजणे लागते की नाही, आणि क्रोमेटचा रंग लिहावा. पोलादी लिंकेजसाठी ८ मायक्रॉन जस्त आणि पिवळे पॅसिव्हेशन (क्रोमेटचा थर), अशी ओळ पुरेशी असते. डायकास्ट भाग ॲसिडमध्ये घालू नयेत आणि हलके भाग ड्रममध्ये लोळवू नयेत, हे ठळक लिहावे. लोळवलेले लिंकेज वाकून येते. पंपाच्या लिव्हरचा कॅमवर घासणारा चेहरा कडक केलेला असतो, तो झाकायला सांगावा. जोडलेले किंवा डाख दिलेले भाग एकसंध स्वरूपात देऊ नयेत, कारण सांध्यात शिरलेले द्रावण महिनाभराने पांढऱ्या डागांच्या रूपाने बाहेर येते.

डिझेलचे वेगळेपण

डिझेल पंपाचे प्लंजर आणि बॅरल यांच्यातली फट अवघी काही मायक्रॉनची असते, त्यामुळे पंप आणि इंजेक्टर यांच्या आतल्या भागांवर लेपाचा विचारही करू नये. जस्त, तांबे आणि शिसे हे डिझेलमधल्या आम्लांशी संयोग पावून साबणासारखे पदार्थ बनवतात आणि ते इंजेक्टरच्या टोकावर जमतात. बायोडिझेल मिसळलेल्या इंधनात हा त्रास वाढतो. यामुळे पेट्रोलच्या टाकीत खपून जाणारा टर्न प्लेटचा थरही इथे आदर्श नाही, पोलाद किंवा इपॉक्सी अस्तर बरे. उच्च दाबाच्या नळ्यांना बाहेरून फॉस्फेट किंवा रंग द्यावा. प्लेटिंगच करायचे तर दोन्ही टोके घट्ट बुचांनी बंद करूनच.

जोडणी आणि चाचणी

टाकीच्या फ्लोट युनिटचे (इंधनकाट्याला पातळी कळवणाऱ्या भागाचे) विद्युत मंडल बहुधा टाकीच्या पत्र्यातून आणि पट्ट्यांतून चॅसीपर्यंत जाते. रंग, रबरी पट्टी आणि अस्तर लागल्यावर हा मार्ग बंद होतो आणि इंधनकाटा एका टोकाला जाऊन बसतो. युनिटच्या एका स्क्रूपासून चॅसीच्या उघड्या धातूपर्यंत वेगळी अर्थिंगची तार द्यावी आणि मल्टिमीटरने रोध एका ओहमच्या आत असल्याचे पाहावे. इंधन भरताना निर्माण होणारी स्थितिक वीजही याच तारेने उतरते.

टाकीची गळती तपासताना ०.१ ते ०.१५ बारपेक्षा जास्त हवा भरू नये. सपाट बाजूंची टाकी त्याहून थोड्याच दाबाने फुगते आणि सांधे उघडतात. साबणाचे पाणी लावून सांधे पाहावेत, मग थोडे इंधन भरून एक दिवस ठेवावे.

पंपाच्या आधी तात्पुरता पारदर्शक फिल्टर लावावा आणि पहिल्या काही फेऱ्यांनंतर तो, तसेच पंपाची काचेची वाटी, उजेडात धरून पाहावी. लालसर तपकिरी चूर म्हणजे टाकीत गंज राहिला आहे. पांढरी, बोटात साबणासारखी लागणारी भुकटी म्हणजे कुठेतरी जस्त इंधनात उतरते आहे, आणि त्यासाठी टाकीचे झाकण, उचल-नळी व फिटिंगचे आतले अंग पाहावे. पातळ, वाकणारे पापुद्रे अस्तराचे असतात, काळे मऊ कण रबरी नळीचे. चंदेरी चूर चुंबकाला चिकटला तर नळी कापतानाचे पोलाद, नाही चिकटला तर फ्लेअरवरचा लेप. वाटी सलग दोनदा स्वच्छ निघाली की तात्पुरता फिल्टर काढून नेहमीचा बसवावा.